रिकाम्या चाकावरचा बर्फ

२०२४ साली मी पंचाहत्तर वर्षांचा होतो आणि करदोट्याला गिरणीची किल्ली बांधून जर्मनीत बसलो होतो.

दिवाळी झाली आणि बायको गेली. तेरावं उरकलं, कागदपत्रं झाली, व्हिसा आला. मुलगा म्हणाला, "तात्या, तीन महिने तरी चला. इथं एकटे कुठं बसणार?"

"गिरणीत बसीन."

"गिरणीत कोण येतंय आता?"

या वाक्यावरून मी काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पण विमानात बसलो, कारण घरात चूल पेटवणारं माणूस राहिलं नव्हतं आणि मला भाकरी थापता येत नाही. विमानतळावर त्या लोखंडी चौकटीतून जाताना किल्ली वाजली. शिपायानं सदरा वर करायला लावला. मुलगा लाजून लाल झाला. म्हणाला, "बॅगेत टाकायची ना ती." मी म्हणालो, "बॅग हरवते. कंबर हरवत नाही."

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहिलेलं सूनबाई तपासते, काने-मात्रे नीट करते. शब्द बदलायला लागली की मी कागद काढून घेतो.

गिरणी माझ्या वडिलांनी टाकली, तेलाच्या इंजिनावर. मी तिला थ्री फेज वीज आणली, दगड बदलले, वर पत्रा घातला. सणाच्या आधी डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. बायको डबे उतरवून घ्यायची, कुणाचं गव्हाचं, कुणाचं ज्वारीचं, कुणाचं पुरणासाठी बारीक, सगळं तिच्या डोक्यात असायचं. पुढं लोकांच्या ओट्यावर घरघंट्या आल्या, दुकानात पुडीतलं पीठ आलं. शेवटी ज्वारी घेऊन दोन-चार म्हाताऱ्या यायच्या, त्याही एकेक करून गेल्या. तरी मी रोज सकाळी कुलूप काढायचो, उदबत्ती लावायचो, वरचा दगड उचलून धरून मोटर थोडी फिरवायचो आणि पुन्हा कुलूप लावायचो.

त्या जागेवर माझ्या भावजयीचा डोळा होता. डोळा म्हणजे वाईट अर्थानं म्हणत नाही. धाकटा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पदरात कॉलेजात जाणारी पोरगी. बचत गटातून तिला मिरची कांडायचं यंत्र मिळालं होतं. त्याला थ्री फेज वीज लागते, ती तिच्या घरात नाही, माझ्या गिरणीत आहे. यंत्र गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. संक्रांत झाली की आमच्याकडं चटणीचा हंगाम लागतो. गटाच्या बायकांनी तिला बजावलं होतं, हंगामाआधी यंत्र सुरू झालं नाही तर ते दुसरीला देऊ.

मी नाही म्हणालो होतो. दगडाला मिरचीचा वास बसला की तो जात नाही. आणि बायकोचा शब्द होता. एकदा एक बाई वाळल्या मिरच्या घेऊन दारात उभी राहिली तेव्हा बायको तिला म्हणाली होती, "या जागेत मिरची येणार नाही, मी जिवंत असेपर्यंत नाही आणि मेल्यावर पण नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मग मी कोण मोडणार?

तर भावजय जर्मनीतही फोन करायची. सून मोबाईल माझ्यापुढं धरायची आणि त्यात तिचं तोंड दिसायचं, मागं गोठा.

"भावजी, जेवलात का?"

"जेवलो."

"थंडी लई आहे म्हणं तिथं."

"आहे."

"किल्ली पाठवता का कुणाबरोबर?"

"नाही."

"अहो, मी काय तुमची गिरणी खाते का? कोपऱ्यात यंत्र ठेवते. तुमच्या दगडाला हात लावणार नाही."

"मिरचीचा खकाणा कोपऱ्यात बसून राहतो होय? उद्या पुरणाचं पीठ कोण दळील तिथं?"

"आज कोण दळतंय?"

मी मोबाईल सुनेच्या हातात दिला. सून म्हणाली, "काकू, मी नंतर लावते हं." आणि माझ्याकडं बघून काही बोलली नाही. पुण्याची आहे, न बोलताही पुष्कळ बोलते.

मुलाचं घर नेकार नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका खेड्यात. उतारावर द्राक्षांचे मळे, हिवाळ्यात नुसत्या काटक्या. मुलगा अंधार असतानाच गाडी काढून नेकारसुल्मला कारखान्यात जायचा. सून घरीच संगणकापुढं बसायची, कानाला यंत्र लावून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत. स्वयंपाकघरात पुडीतलं पीठ. गिरणीवाल्याच्या पोराच्या घरात! मी एकदा म्हणालो, तर मुलगा म्हणाला, "तात्या, इथं गहू कुठं दळून आणू?" मी म्हणालो, "ते मला विचारू नको, तू इंजिनियर आहेस." मग मी फिरायला जायचो. दुसरं करणार काय.

गावाखाली एक ओढा आहे, त्याच्या कडेनं पाऊलवाट. तिथं मला आधी आवाज आला. पाणी उंचावरून लाकडावर पडतं तसा, आणि मागोमाग जुना आस कुरकुरतो तसा. वळणावर पाणचक्की दिसली. दगडी घर, छप्पर एका बाजूला बसलेलं, आणि भिंतीला लागून माणसाच्या दुप्पट उंचीचं लाकडी चाक. वरून पाटाचं पाणी येतं, चाकाच्या खणात पडतं, त्या भारानं चाक फिरतं. शेवाळ धरलेलं, पण फिरत होतं.

पाटाचं पाणी अडवायच्या फळीजवळ एक म्हातारी उभी होती. रबरी बूट, फुलाफुलांचा मळका एप्रन, त्यावर पुरुषी कोट. वय ऐंशीच्या पुढंच. मला बघून म्हणाली, "ग्र्यूस गॉट." मी म्हणालो, "राम राम." तिनं मान हलवली. आमची ओळख झाली. पुढं रोज एवढंच. मुलानं मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलं होतं, आपण मराठीत बोललं की त्यातून जर्मन निघतं म्हणे. मी एकदा बोललो. त्यातून जे निघालं ते ऐकून म्हातारी इतकी हसली की मी मोबाईल खिशात घातला, तो पुन्हा काढला नाही.

पण एक गोष्ट मला खटकली. चाक फिरत होतं आणि दळणाचा आवाज नव्हता. दगडावर दगड चालत असेल तर तो आवाज भिंतीतून पायाला कळतो. खिडकीच्या काचेवर पिठाची भुकटी नव्हती. दारात पोतं नव्हतं. रोज सकाळी बाई फळी उचलते, चाक फिरवते, तासाभरानं फळी पाडते. आत काही नाही. रिकामं.

आमच्याकडं रिकामं जातं फिरवत नाहीत. घराला बाधतं. पोर जरी खेळता खेळता खुंट्याला धरून फिरवायला लागलं तरी आई धपाटा घालते. मला ते बघवेना.

शनिवारी सुनेला म्हणालो, चल माझ्याबरोबर, मला त्या बाईशी बोलायचंय.

"तात्या, असं कुणाच्या घरात शिरता येत नाही इथं. आधी टेर्मिन, म्हणजे ठरवून वेळ घ्यावी लागते."

"माझा रामराम चालतो तिच्याशी."

"रामरामावर घरात घेत नाहीत."

घेतलं की. म्हातारीनं दार उघडलं, सुनेनं काय सांगितलं ते सांगितलं, मधे 'म्युल्लर', म्हणजे गिरणीवाला, हा शब्द आला आणि म्हातारीनं माझे हात हातात घेऊन तळवे बघितले. गिरणीवाल्याचे हात कसे असतात ते तिला ठाऊक होतं. मग ती आम्हाला लाकडी जिन्यानं वर घेऊन गेली.

वर दगड होते. लाकडी पिंपासारख्या कड्यात बसवलेली जोडी, पुरुषभर रुंद. झाकण काढून ठेवलेलं. वरचा दगड साखळीला टांगून दोन बोटं उचललेला. मी बूट काढले. पायाखाली फळ्या बर्फासारख्या गार होत्या. दगडाला हात लावून नमस्कार केला. आणि सदऱ्याच्या खिशातून मूठभर तांदूळ काढून दगडावर ठेवले. गहू ठेवला असता, पण पोराच्या घरात गव्हाचा दाणा नव्हता. जात्याला उघडं ठेवू नये, मूठभर दाणे असावेत त्याच्या तोंडाशी, एवढं साधं मला कळतं.

म्हातारी ओरडली. अशी ओरडली की सुनेनं माझा दंड धरला. आस धरून ती दगडावर वाकली आणि एकेक तांदूळ वेचायला लागली. जे दाणे मधल्या भोकात गेले होते ते तिनं डोक्यातली पिन काढून टोकरून बाहेर काढले. 

"चला तात्या, निघू आपण," सून रडवेली झाली होती. "काय केलंत हे?"

"काय केलं? दाणा ठेवला. दगड बाटतो का दाण्यानं?"

"विचारायचं तरी!"

"आता विचार की. तू आहेस ना सोबत."

सुनेनं विचारलं. म्हातारी उभी राहिली. मुठीत तांदूळ. माझ्याकडं बघून एकच वाक्य बोलली. सून म्हणाली, "या दगडांवर दाणा पडणार नाही असा तिच्या वडिलांनी शब्द दिलाय."

शब्द म्हटल्यावर मी वाद न घालता बूट घातले. ते मला कळत होतं.

तिनं आम्हाला खाली स्वयंपाकघरात बसवलं. काळी कॉफी दिली, साखर विचारली नाही. आणि सांगायला लागली. सून मधे मधे थांबवून मला सांगत होती. तिकडची बोली सुनेलाही जड जात होती.

पाणचक्की कुणी बांधली ते म्हातारीलाही नक्की माहीत नाही. मठातल्या साधूंनी, असं म्हणतात. पूर्वी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना इथंच दळायची सक्ती होती, दुसरीकडं नेलं तर दंड. म्हणून सगळे गिरणीवाल्यावर जळायचे. गिरणीवाला पीठ चोरतो, त्याच्या घरात मुलगी देऊ नये, असं म्हणायचे. मी म्हणालो, "सांग तिला, आमच्याकडं पण म्हणतात." सुनेनं सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "मग चोरायचास का?" मी म्हणालो, "पीठ उडतं ते परत डब्यात कसं घालू?" ती म्हणाली, "माझे वडीलही हेच सांगायचे." पहिल्यांदा जरा हसली.

मग हसायचं संपलं. लढाईच्या काळात पोलंडहून धरून आणलेला एक माणूस इथं पोती उचलायला होता. तो याच घरात खोकून खोकून मेला. म्हातारी तेव्हा लहान होती. तिला त्याचा खोकला आठवतो, नाव आठवत नाही, आणि वडिलांना विचारलं तर ते उठून बाहेर जायचे. लढाई संपल्यावर शहरातली माणसं चालत यायची, शेतात वेचलेली कणसं पिशवीत घेऊन. काहीजण पीठ घरी न्यायच्या आधीच तोंडात घालायचे. कोरडं पीठ. ठसका लागून दारात बसायचे.

नंतर मोठ्या गिरण्या आल्या. सरकारनं लहान गिरणीवाल्यांना पैसे देऊन दळण बंद करायला लावलं. तिच्या वडिलांनी ते घेतले आणि शब्द दिला, या दगडांवर पुन्हा पीठ पडणार नाही. ठरावीक वर्षांची मुदत होती त्याला. पण त्यांनी मुदतीचं ऐकलं नाही, शब्द तेवढा ऐकला. दगड उचलून टांगले. चाक मात्र रोज फिरवायचे.

"का पण?" मी मधेच विचारलं. "काम नाही तर चाक कशाला फिरवायचं?"

"लाकडी चाक उभं राहिलं की खालची बाजू पाणी पिते, वरची वाळते," सून ऐकून सांगत होती. "मग ते एका अंगाला जड होतं आणि मोडतं. म्हणून रोज." मग माझ्याकडं वळून आपल्या मनानं म्हणाली, "तात्या, तुम्ही पण रोज मोटर फिरवत होतात ना? आई सांगायच्या."

"मी थोडा वेळ फिरवायचो."

"आल्झो, म्हणजे थोडा वेळ," सून म्हणाली.

म्हातारी खिडकीकडं बघत पुढं बोलत होती. हिवाळ्यात चाकावर बर्फ धरतो. तो कुऱ्हाडीनं तोडावा लागतो, नाहीतर लाकूड फाटतं. वडील दर हिवाळ्यात तोडायचे. आधी पाटाची फळी पाडायची, पाणी बंद करायचं, मग चाकाखाली उतरायचं. दळण चालू असतानाच्या काळात त्यांना चाक बांधायची कधी गरज पडली नव्हती. दगडावर दगड टेकलेला असायचा, त्याचा भार असायचा, चाक हातानं ढकललं तरी हलायचं नाही. पण दगड टांगल्यावर चाक मोकळं झालं. त्या सकाळी त्यांनी एका बाजूचा बर्फ तोडला. दुसऱ्या बाजूचा तसाच होता, चार माणसांच्या वजनाचा. पाण्याचा थेंब नसताना चाक त्या वजनानं फिरलं. ते भिंत आणि चाक यांच्यामध्ये होते.

सून थांबली. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. पोत्याचं, दगडाचं, चाकाचं वजन काय करतं ते मी पाहिलेलं आहे.

म्हातारी तेव्हा विशीतली होती. गावात लोक म्हणाले, येडा, रिकाम्या चाकासाठी मेला. बेकरीत म्हणाले, चर्चच्या दारात म्हणाले. मग तिनं चाक थांबवलं नाही. भिंतीत कडी बसवून घेतली, साखळी आणली, साखळीनं चाक बांधून स्वतः बर्फ तोडायला लागली. लग्न केलं नाही. एकजण विचारायला आला होता, म्हणाला, आधी ती गिरणी वीक. ती म्हणाली, आधी तू जा.

निघताना तिनं तांदळाची मूठ माझ्या हातात परत दिली. मी पण सदरा वर करून तिला किल्ली दाखवली. सुनेनं कपाळाला हात लावला. मी म्हणालो, "सांग तिला. माझी पण बंद आहे, आणि माझा पण शब्द आहे." भावजयीची मागणी, बायकोचं बोलणं, सगळं सुनेनं सांगितलं. माझ्या मनाप्रमाणं सांगितलं की तिच्या, ते मला कळायला मार्ग नाही. म्हातारीनं किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

संक्रांत आली. भावजयीचा फोन आला. तिळगूळ घ्या म्हणाली, आणि मग, "भावजी, गटाच्या बायका रविवारी येणार आहेत यंत्र बघायला. चालू दिसलं नाही तर उचलून नेतील."

"नेऊ देत."

"पोरीचं कॉलेज आहे हो."

"तिला मी शिकवीन."

"कुठनं? पत्रा विकून?"

तोंडाची फटकळ आहे. माझ्या भावाला तीच आवडली होती. 

त्याच आठवड्यात तिकडं कडाक्याची थंडी पडली. रस्ता काचेसारखा झाला. सून म्हणाली, "तात्या, आज बाहेर नको." मी बायकोची शाल अंगावर घेतली आणि गेलो. ओढ्याच्या कडेला बर्फ, वाट दिसेना, पण आवाज येईना म्हणून मी चाल वाढवली. चाक बंद होतं. चाकावर पांढरी जाड पुटं, खणाखणातून दाढीसारखी लोंबणारी. साखळी लावलेली होती. चाकाखाली म्हातारी पडलेली होती.

चाकानं काही केलं नव्हतं. साखळी पक्की होती. चाकाखाली उभं राहायच्या फळीवरचा बर्फ ओला होता, पाय सरकला एवढंच. कुऱ्हाड लांब पडली होती. तिचा एक पाय जिथं वळायला नको तिथं वळला होता. डोळे उघडे. मला बघून म्हणाली, "ग्र्यूस गॉट." खरंच म्हणाली.

मी "राम राम" म्हणालो नाही. शाल तिच्या अंगावर टाकली आणि सुनेला फोन लावला. "चक्कीवर ये. बाई पडलीय. दवाखान्याची गाडी बोलाव." तिला उचलायला गेलो तर किंचाळली, म्हणून तसाच बसलो तिच्या डोक्याशी, बर्फावर. गुडघे कामातून गेले, ते अजून आले नाहीत.

गाडीवाले आले, त्यांनी तिला पट्ट्यांनी बांधलं. नेताना तिनं हात बाहेर काढला आणि चाकाकडं दाखवला. पुन्हा माझ्याकडं. चाकाकडं, माझ्याकडं. सून म्हणाली, "काहीतरी सांगतेय, ऐकू येत नाही."

मला कळलं. बर्फ तोड, चाक मोकळं कर, फिरव. गिरणीवाल्यानं गिरणीवाल्याला सांगावं तसं.

ती गेल्यावर मी कुऱ्हाड उचलली. चाकाखाली उतरलो. साखळी तपासली. एका बाजूला उभा राहून वर बघितलं. पांढरा डोंगर नुसता, माझ्या डोक्यावर टांगलेला. आणि त्याच्या पलीकडं, भिंतीच्या आत, टांगलेला दगड, दाण्याशिवाय. कुणासाठी तोडायचं? कोण येणार आहे पीठ न्यायला? मी घाबरलो असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी कुऱ्हाड भिंतीला लावून ठेवली आणि घरी आलो.

म्हातारी त्या घरात परत आलीच नाही, हे पुढचं. पण शनिवारी आम्ही तिला बघायला दवाखान्यात गेलो तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. पांढऱ्या चादरीत ती एवढीशी दिसत होती. एप्रन नसल्यामुळं मला आधी ओळखूच आली नाही. उशाशी माझ्या बायकोची शाल घडी करून ठेवलेली.

तिनं सुनेला काहीतरी विचारलं. सून माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "विचारतायत, चाक फिरतंय का. मी हो म्हणू का, तात्या? कशाला उगीच..."

"नाही."

"तात्या, बघा ना कशा झाल्यात त्या."

"खोटं बोलायचं नाही तिच्याशी. सांग, थांबलंय. बर्फात गच्च आहे. मी कुऱ्हाड हातात घेतली आणि खाली ठेवली."

सुनेनं सांगितलं. म्हातारीनं डोळे मिटले. मला वाटलं आता ही ओरडणार, तांदळाच्या वेळी ओरडली तशी. मी तयार होऊन उभा राहिलो. पण ती ओरडली नाही. तिचं तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं. मग बोलायला लागली, छताकडं बघत, हळू.

"म्हणतायत, बरं झालं," सून सांगत होती. "म्हणतायत, मी ते चाक एक दिवस आवडीनं फिरवलं नाही. रोज सकाळी त्याला शिव्या दिल्या."

"मग फिरवलं कशाला?"

"थांबलं असतं तर लोकांचं म्हणणं खरं झालं असतं. वडील उगीच मेले असं झालं असतं." सून थांबली, ऐकलं. "आणि म्हणतायत, थांबव असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं."

मी खुर्चीवर बसलो.  एक नर्स येऊन गेली. मग म्हातारीनं मान वळवली आणि बोटानं माझ्या कमरेकडं दाखवलं. काहीतरी बोलली. सून गप्प.

"काय म्हणाली?"

"काही नाही, तात्या."

"पुण्याचं न बोलणं इथं नको. काय म्हणाली सांग."

सून माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली, "म्हणाल्या, माझ्या गिरणीत जागा द्या असं कधी कुणी म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर मी दिली असती की नाही, मला माहीत नाही. तुझ्याकडं मागणारं माणूस आहे."

 मला कुणी शिकवलेलं आवडत नाही, मग ती बाई खाटेवर असो नाहीतर देव्हाऱ्यात. उठलो, तिच्या पायाला चादरीवरून हात लावला, आणि "राम राम" म्हणालो. तिनं "राम राम" म्हटलं. तिला ते येत होतं, हे मला माहीत नव्हतं.

 घरी आल्यावर जेवलो नाही. बायकोचं ते वाक्य आठवत पडून राहिलो. मेल्यावर पण नाही, असं ती म्हणाली होती. पण ते तिनं परक्या बाईला म्हटलं होतं. धाकट्या जावेला ती काय म्हणाली असती, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ती तर आजारपणात जावेच्याच हातची पेज प्यायची, माझ्या हातची नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सून उठायच्या आधी मी तिचा मोबाईल घेतला आणि भावजयीचं तोंड ज्या चौकोनात असतं त्यावर बोट ठेवलं. तिकडं उन्हं वर आली होती.

"भावजी? काय झालं? बरे आहात ना?"

"बायका आल्या का गटाच्या?"

"येतीलच आता. न्यायला टेंपो सांगितलाय त्यांनी."

"कुलूप फोड."

"काय?"

"गिरणीचं कुलूप फोड. किल्ली माझ्या कमरेला आहे, ती तिथपर्यंत कशी पोचणार? फोड."

 मग म्हणाली, "कशानं फोडू?"

"हातोड्यानं. दगडाला टाकी लावायचा माझा हातोडा आहे, तो जड आहे."

"कुठं आहे तो?"

"गिरणीत, दाराच्या मागं."

"भावजी, दाराला कुलूप आहे."

ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. "मग शेजारचा आण," मी म्हणालो. "आणि वरच्या दगडावर गोणपाट टाक. त्यावर खकाणा बसू देऊ नको."

शेजारचा हातोडा आणून, मोबाईल पोरीच्या हातात देऊन ती निघाली. पोरीनं तो दाराकडं धरला. माझं दार दिसलं. रंग उडालेला, कडीवर गंज. भावजयीनं पदर खोचला आणि घाव घातला. कुलूप हललं नाही. वडिलांच्या वेळचं आहे ते.

"कुलपावर नको, कडीवर मार," मी ओरडलो. "लाकडात बसलीय तिथं. खालनं मार."

मागं मुलगा आणि सून उठून दारात उभे राहिले होते. मी वळलो नाही. तिनं खालून मारलं. कडी लाकडाचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि दार आत गेलं. आतून धूळ आली, भावजय खोकली, मग आत जाऊन उभी राहिली. अंधारातून तिचा आवाज आला, "भावजी, उंदरांनी पट्टा पार कुरतडलाय. सगळीकडं नुसता कचरा आहे."

"आधी झाडून घे," मी म्हणालो.